थोरल्या काकांचा होकार

आमच्या घरात पोरीबाळींचं काहीही ठरवायचं असलं की थोरले काका पांढरी टोपी चढवतात. एरवी डोक्याला रुमाल गुंडाळून फिरतात. टोपी दिसली की गल्लीतल्या बाया ओळखतात, आज कुणाचं तरी घर बघायला निघाले. थोरले काका म्हणजे माझ्या वडिलांचे सगळ्यात मोठे भाऊ. एसटीत कंट्रोलर होते, आता रिटायर. उभी हयात स्टँडवर गाड्या सोडण्यात गेली, त्यामुळं कुठली गाडी कधी सुटणार हे सांगायचा हक्क फक्त आपल्यालाच आहे अशी त्यांची पक्की समजूत. लग्नाच्या बाबतीतही तेच. माझ्या एकाही चुलत बहिणीचं लग्न त्यांनी घर बघितल्याशिवाय ठरलेलं नाही.

घर बघायचा त्यांचा कायदा असा, की पहिल्या भेटीत हो म्हणायचं नाही. घर आवडू दे, पोरगा आवडू दे, सासू कितीही गोड बोलू दे, शेवटी हात जोडून म्हणायचं, "घरी जाऊन कळवतो." मात्र स्थळ मनात भरलं असेल तर निघताना दारापाशी थांबून ते पाणी मागतात. चहा झालेला असतो, तहान नसते, तरी मागतात आणि अख्खा तांब्या रिता करतात. आमच्या भावकीतली माणसं यातून काय ते समजतात. पाणी न मागता निघाले तर समोरचे दुसरं स्थळ बघायला मोकळे. पाणी प्यायले की झाला होकार. चार दिवसांनी फोन करायचा, तो आपला रीत म्हणून.

हे आधीच सांगून टाकते, कारण या रीतीपायी माझं होस्टेल गेलं.

आमचं गाव माकणीच्या धरणाच्या अंगाला. बारावीला मला गणितात भरभरून मार्क पडले. पुढं एसटीनं रोज जाऊन-येऊन तालुक्याच्या कॉलेजात तीन वर्षांचं बी.एस्सी. करायचं, हे ठरल्यातच जमा होतं. म्हणजे मी सोडून बाकीच्यांनी ठरवलेलं होतं. पण आमच्या गणिताच्या सरांनी वडिलांना शाळेत बोलावलं आणि सांगितलं, धाराशिवला एका कॉलेजात गणिताचं चार वर्षांचं ऑनर्स आहे, पोरीला तिकडं घाला, चौथ्या वर्षी तिला स्वतःचं संशोधन करता येईल, पुढचं एम.एस्सी. एका वर्षात होईल. बाहेरगावच्या ऑनर्सच्या मुलींसाठी होस्टेलात वेगळा मजला आहे. आधी होस्टेलात जागा मिळवा, मग अॅडमिशन घ्या.

वडील घरी येऊन दोन दिवस काहीच बोलले नाहीत. ते तसेच आहेत. बैल हाकतानासुद्धा आवाज चढवत नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं विषय काढला तेव्हा म्हणाले, "होस्टेल असंल तर बघू. खोली करून एकटं ऱ्हायचं म्हणत असशील तर न्हाय. दादाला इचारतो."

दादा म्हणजे थोरले काका. ते आले, ओसरीवर बसले आणि मला म्हणाले, "तीन वर्षांत डिग्री मिळती. मग चार वर्सं कशाला? नापास व्हायची खात्री हाय का?"

"काका, ते ऑनर्स असतंय. जास्तीचं शिकायचं."

"जास्तीचं शिकून काय करायचं?"

"अजून जास्तीचं शिकायचं."

काकू तोंडाला पदर लावून हसली. काका मात्र गंभीर झाले. त्यांनी जरा वेळ मिशीवरून बोट फिरवलं आणि फर्मान काढलं, "जाऊन बघू. बघितल्याबिगर आमी पोरगी कुठंच देत न्हाय."

देत नाही म्हणे! मी काय नांदायला चालले होते? पण मी जीभ दाताखाली धरली. जाऊन बघणार हेच माझ्यासाठी लई होतं.

ठरलेल्या दिवशी एक जीप सांगितली. काका टोपी घालून पुढं. मागं काकू, आई, वडील, मामा, मी. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीची आत्या परस्पर धाराशिवला येऊन थांबलेली. ही काकांची धाकटी बहीण, वडिलांची मोठी. आत्यानं येताना पिशवीत चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू आणले होते, कारण नव्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं. होस्टेलच्या फाटकावर आमची सगळी वरात उतरली तेव्हा आत शिरणाऱ्या दोन पोरींनी एकमेकींकडं बघितलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रेक्टर मॅडम तिशी-पस्तिशीच्या होत्या, कोकणातल्या, नव्यानंच बदलून आलेल्या. पण माणूस भला. एवढी माणसं बघून दचकल्या, तरी खुर्च्या मागवल्या, चहा सांगितला. काका मधल्या खुर्चीत बसले आणि सुरू झाले.

"मूळ गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

मॅडमनी सांगितलं.

"आईवडील हायेत? भाऊ किती?"

मॅडमनी तेही सांगितलं. मी आईच्या कोपराला चिमटा काढला. आई म्हणाली, "गप की गं. मोठी माणसं बोलायलीत." तोवर काकू मेसच्या स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या परातीतलं पीठ चिमटीत धरून बघत होती. आत्या एकेक नळ सोडून बघत होती. मामांनी गच्चीवर जाऊन टाक्या ठोकून बघितल्या. वडील तेवढे दाराशी उभे, चप्पल काढून, देवळात आल्यासारखे.

मला एक मोठ्या वर्गातली मुलगी वरचा मजला दाखवायला घेऊन गेली. खोलीत तीन खाटा. खिडकीपाशी जी मोकळी होती ती माझी होणार होती. पण मी खाट नीट बघितलीच नाही. मजल्याच्या टोकाला एक अभ्यासाची खोली होती आणि तिथं भिंतभर फळा होता. फळ्यावर एक उदाहरण अर्ध्यात सोडलेलं. ती मुलगी म्हणाली, "चार दिवस झाले, कुणालाच सुटेना. कुणाला काही सुचलं तर येऊन एखादी ओळ लिहून जातं." मी बघत उभी राहिले. गावात मला गणितावर बोलायला सर सोडून कुणी नव्हतं. मैत्रिणी म्हणायच्या, तुझं डोकं फिरलंय. इथं एक आख्खी भिंत होती आणि रात्रंदिवस तिच्यापुढं उभ्या राहणाऱ्या, माझ्यासारख्याच डोकं फिरलेल्या पोरी होत्या. आयुष्यात मला एखादी गोष्ट इतकी हवीशी कधी वाटली नव्हती, नवा ड्रेस नाही, मोबाइल नाही, काहीच नाही.

खाली आले तेव्हा मॅडम विचारत होत्या, "मग काका, जागा पक्की समजू ना? आज संध्याकाळपर्यंत मला नक्की करायचंय. मागं मुली थांबल्यात."

काका उठले. टोपी सारखी केली. हात जोडले. "घरी जाऊन कळवतो," म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे आज कळवाल?"

"कळवतो की. तुमी बिनघोर ऱ्हावा."

आणि दारापाशी थांबून म्हणाले, "मॅडम, जरा पाणी मिळंल का?"

मॅडमनी स्वतः ग्लास भरून आणला. काकांनी पाणी पिऊन अजून एक मागितला आणि तोही संपवला. आत्यानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. आईनं हळूच माझा हात दाबला. मलासुद्धा, खोटं कशाला सांगू, आनंदानं रडू फुटायचं राहिलं होतं. पाणी प्यायले! म्हणजे झालं! त्या क्षणी आम्हा सात जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की समोरची बाई कोकणातली आहे आणि तिच्या लेखी म्हाताऱ्याला फक्त तहान लागली आहे.

परतीच्या वाटेवर काका नुसते फुलले होते. "घर चांगलं हाय. बाई खानदानी हाय. पीठ जरा जाडं हाय, पर चालंल." मी म्हणाले, "काका, मग आत्ताच फोन लावू या का? त्या संध्याकाळ म्हणल्या होत्या." काका म्हणाले, "खुळी का काय तू? गाडीत बसल्या बसल्या फोन? आपल्या पोरीला कुठं थारा न्हाय असं वाटंल त्यास्नी. चार दिस जाऊ दे."

मी वडिलांकडं बघितलं. वडील खिडकीबाहेर बघत होते.

चार दिवसांनी काकांनी परत टोपी घातली, फोनवर बोलायलासुद्धा, आणि सगळ्यांना समोर बसवून फोन लावला. "नमस्कार मॅडम. आमचा होकार हाय बरं का." मग नुसतं ऐकत राहिले. "आँ?" म्हणाले. परत ऐकत राहिले. मग म्हणाले, "पर आमी तर पाणी प्यालो हुतो." तिकडून मॅडम काय म्हणाल्या कोण जाणे. फोन ठेवला तेव्हा काकांचा चेहरा पार उतरला होता. जागा त्याच संध्याकाळी भूमच्या एका मुलीला दिली होती. कळवतो म्हणजे नको, असा सरळ अर्थ त्या बाईंनी घेतला. कुणीही घेतला असता.

मग मी सुटले. माझा राग घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण काकांसमोर तो कधी निघाला नव्हता. मी म्हणाले, "तुमच्या मोठेपणानं माझं वाटोळं केलं. मी काय गाय आहे का बैल, की माझा भाव वाढवायला तुम्ही चार दिवस थांबलात? होस्टेल बघायला गेलो होतो आपण, सोयरीक करायला नाही!" आई ओरडली, "तोंड आवर!" मी आवरलं नाही. बोलायचं ते सगळं बोलले आणि मगच रडले. त्याचा मला आजही पस्तावा नाही. खरं होतं ते बोलले.

काकांनी टोपी काढून हातात घेतली आणि तसेच उठून गेले. न जेवता.

दुसऱ्या दिवशी वाशीहून आत्या आली. तिला फोनवर सगळं कळलं होतं. मला गल्लीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर घेऊन बसली आणि म्हणाली, "तुझा राग बरोबर हाय, बाई. पर दादा असं का करतो ते तुला ठाव न्हाय. आमचा बाप लवकर गेला. माझं लगीन दादानं लावलं. त्यो तवा वीस-बावीसचा. माझ्या सासरचं घर बघायला गेला, पक्कं घर बघितलं, दारात शेळ्या बघितल्या, आन तिथल्या तिथं हो म्हणाला. त्याला वाटलं, भैनीचं भलं झालं. सासूनं ते हयातभर लावून धरलं. भाजीत मीठ कमी पडलं की म्हणायची, तुझ्या भावानं दारातच हो म्हणलं, ओझं उतरवायची घाई हुती त्याला. दादाच्या कानावर ते गेलं. तवापासनं त्यो कुणाला लगेच हो म्हणत न्हाय."

माझा राग गेला नाही, पण रागाला धरायला जागा राहिली नाही. त्या माणसानं माझी किंमत राखायला म्हणून तोंड मिटलं होतं आणि त्या मिटल्या तोंडानं माझी खाट गेली होती. आता भांडायचं कुणाशी? मला आत्याचीच कीव आली, आणि काकांचीही.

दोन दिवसांनी सकाळीच काका दारात उभे. डोक्याला रुमाल. वडिलांना म्हणाले, "पोरीची अॅडमिशन घे. होस्टेलात जागा हुईस्तोवर मी रोज नेतो आन आणतो."

वडील म्हणाले, "दादा, रोज? जाताना दोन तास, येताना दोन तास. तुमचं गुडघं..."

"गुडघं माझं हायेत."

काका पुढं म्हणाले, "बाईला इचारलंय म्या. कुणी सोडून गेलं तर पहिली जागा हिची. एकटी जायाची न्हाय ही, आन खोली करून ऱ्हायाचीबी न्हाय, तुझं म्हणणं कायम. मग माझी काय हरकत हाय?"

आणि खरंच नेलं. पाऊसकाळ होता. पहाटेची गाडी, लोहाऱ्याला उतरून दुसरी. ड्रायव्हर-कंडक्टर सगळे त्यांच्या ओळखीचे. "कंट्रोलर साहेब, ह्या वयात ड्यूटी लागली का?" म्हणून चिडवायचे. काका म्हणायचे, "व्हय, पोरीची ड्यूटी हाय." मला कॉलेजच्या फाटकावर सोडायचे आणि दिवसभर स्टँडवर जुन्या दोस्तांत बसायचे. भाकरी तिथंच खायचे. संध्याकाळी फाटकावर परत हजर. सुरुवातीला मला वर्गातल्या पोरींसमोर लाज वाटायची. मग एकदा फाटकापाशी येताना लांबून बघितलं, तर काका भिंतीला टेकून, चप्पल काढून, स्वतःचे पाय स्वतःच दाबत होते. सुजले होते पाय. मला बघितल्याबरोबर चप्पल घालून ताठ उभे राहिले. त्या दिवसानंतर कसली लाज?

येताना गाडीत विचारायचे, "आज काय शिकिवलं?" मी सांगायचे. ते मान हलवायचे. मी म्हणायचे, "कळलं का?" ते म्हणायचे, "काय बी कळलं न्हाय. तू सांग म्होरं." मी सांगत राहायचे आणि सांगता सांगता मलाच काही गोष्टी उमगायच्या. त्या एसटीत माझं जेवढं गणित पक्कं झालं तेवढं कुठल्याच क्लासात झालं नसतं. होस्टेलच्या फळ्याची आठवण मात्र रोज यायची. दुपारी जरा वेळ मिळाला की मी तिथं जाऊन यायचे, एखादी ओळ लिहायचे, आणि पोरी पुढं लिहायला लागल्या की मला निघावं लागायचं. गाडी चुकली असती. अर्ध्यातून उठून जायचं दुःख काय असतं ते मला तेव्हा कळलं.

दसऱ्याच्या आधी एक दिवस मॅडमनी मला वर्गातून बोलावलं. एका मुलीला नर्सिंगला नंबर लागला होता, ती चालली होती. जागा झाली होती. मॅडम म्हणाल्या, "काकांना बोलावून घे. मागच्यासारखं नको व्हायला."

मी स्टँडवर फोन लावला. काका रिक्षानं आले. आयुष्यात पहिल्यांदा ते रिक्षात एकटे बसले असतील, काटकसरी माणूस. मॅडमच्या खोलीत आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. मॅडमनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "मग काका, काय करायचं? या वेळी मला आत्ताच सांगावं लागेल."

मला वाटलं, आता हे चटकन हो म्हणणार. मॅडमनाही तसंच वाटलं असणार, त्या हसत होत्या. काकांनी डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला. आता परत काय सुचलंय या माणसाला?

मग काका म्हणाले, "मॅडम, एकडाव माझ्या भैनीच्या टायमाला म्या लई लवकर हो म्हणालो. हिच्या टायमाला लई उशीर केला. दोन्ही डाव कसूर माझाच. पर आता रोज गाडीत बसून इचार केला, तवा ध्यानात आलं, चूक लवकरची न्हवती आन उशिराचीबी न्हवती. जिला ऱ्हायाचं हुतं तिलाच कुणी इचारलं न्हवतं. माझ्या भैनीला न्हाय, आन हिलाबी न्हाय." त्यांनी मला पुढं केलं. "मला नका इचारू. हिला इचारा."

मॅडम माझ्याकडं वळल्या. आमच्या घरात आजवर एकाही पोरीला, कुठल्याच दारात, असं विचारलं गेलं नव्हतं. आईला नाही, काकूला नाही, आत्याला तर नाहीच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, आणि नेमका तेव्हा शब्द फुटेना.

"बोल की गं," काका म्हणाले. "गावभर बोलतीस."

"पाहिजे," मी म्हणाले. "मॅडम, मला पाहिजे. मला इथं राहायचंय."

काका टेबलाजवळ सरकले आणि मॅडमच्या पेनकडं बोट दाखवून म्हणाले, "ऐकलं न्हवं? मग लिवा. आत्ता लिवा मॅडम, माझ्यासमोर लिवा. संध्याकाळ करू नका."